सिंधुदुर्ग आणि मालवणची खडपे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मराठवाड्यातील अभ्यासकास दुर्ग म्हटला की देवगिरी किंवा कन्नड तालुक्यातील अंतूर आठवतो. देवगिरीस खडक कोरून खंदक करावा लागला. मालवणजवळील कुरटे बेटावर तेच कार्य समुद्राने व त्यातील खडकांनी केले. जलदुर्गांच्या इतिहासलेखनात तटबुरुजांचे वर्णन विपुल आढळते. त्यांच्या सभोवतीची खडपे मात्र उपेक्षित राहतात. सिंधुदुर्गाच्या संदर्भात या खडपांचे ऐतिहासिक महत्त्व विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दुर्ग आणि खडक :
जंजिऱ्याचा सिद्दी व युरोपीय सत्ता यांच्या सागरी वर्चस्वास शह देण्यासाठी छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. किनाऱ्यावरील 'मोरयाचा धोंडा' या खडकावर गणेश, सूर्य व चंद्र कोरलेले असून तेथेच भूमिपूजन झाले, अशी स्थानिक परंपरा आहे. बेटाभोवतीचे अनेक खडक भरतीच्या वेळी दिसेनासे होतात. त्यामुळे वाट न जाणणाऱ्या गलबतास ते तोफेइतकेच घातक होते. तथापि १७६५ मध्ये इंग्रजांनी हा दुर्ग जिंकला व त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. पुढील वर्षी तो करवीरकरांकडे परत आला. यावरून खडकांचे संरक्षण आरमाराच्या बळावाचून अपुरे होते, हे स्पष्ट होते.

खडपे आणि लोकजीवन :
ओहोटीस उघड्या पडणाऱ्या खळग्यांत खेकडे, शंख, समुद्रफुले व शेवाळ आढळतात. खडकास चिकटलेली कालवे काढणे हे येथील किनाऱ्यावरचे जुने काम होय. १९८७ मध्ये शासनाने मालवण सागरी अभयारण्य घोषित केले. २०२५ मध्ये सिंधुदुर्गासह बारा मराठा दुर्गांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. अशा प्रकारे एकाच खडकावर निसर्गसंरक्षण, वारसा आणि उपजीविका यांचे हक्क एकत्र आले आहेत.

निष्कर्ष :
सिंधुदुर्गाचा तट जेथे संपतो तेथे दुर्ग संपत नाही. खडपे ही त्याची बाह्य तटबंदीच होय. म्हणून केवळ चिरेबंदी बांधकामाची डागडुजी म्हणजे वारसाजतन नव्हे. पर्यटकांच्या वर्दळीत खडपे उद्ध्वस्त झाली, अथवा संरक्षणाच्या नावाखाली मच्छीमार तेथून दूर सारला गेला, तर दोन्ही प्रसंगी दुर्गाच्या इतिहासाचा एक पुरावाच नष्ट होईल. या दोहोंचा एकत्रित विचार करणे ही इतिहास व प्राणिशास्त्र या दोन्ही विषयांच्या अध्यापकांची जबाबदारी आहे.