१४. 'निम्हान्समध्ये दोन फुगे निघाले'

१४. निम्हान्स : बंगळूरच्या होसूर रस्त्यावरची राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, स्थापना १९७४. 'फुगा' म्हणजे ॲन्युरिझम, मेंदूतल्या धमनीची भिंत कमजोर होऊन आलेला फुगवटा. वाचकाने ही कर्करोगाची गाठ समजू नये. साधारण पाचांपैकी एका रुग्णाला असे एकाहून अधिक असतात. धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि रक्ताच्या नात्यात हा आजार असणे यांनी धोका वाढतो. बायकांत प्रमाण जास्त. उपचाराच्या एका पद्धतीत कवटी उघडून फुग्याच्या मानेला धातूची क्लिप लावतात. वॉल्टर डँडी यांनी ती १९३७ मध्ये प्रथम लावली. फुटलेला फुगा आधी बंद करतात. दुसरा त्याच वाटेने हाती येत नसेल तर नंतर. वरचे वाक्य ज्या पत्रातले आहे, त्यातली बंगळूरची दुसरी खेप त्यासाठीच आहे.