गोरित्सा : एका स्थलनामाची साक्ष

स्लोव्हेनिया व इटली यांच्या सीमेवरील नोव्हा गोरित्सा येथे रेल्वे स्थानकाच्या इमारतीतच मांडलेले एक लहानसे संग्रहालय प्रस्तुत लेखकाने पाहिले. १९०६ साली ऑस्ट्रियन साम्राज्यात उघडलेले हे स्थानक १९४७ च्या पॅरिस तहाने युगोस्लाव्हियाकडे आले. ज्या नगराचे ते स्थानक, ते गोरित्सिया मात्र इटलीत राहिले आणि स्थानकापुढच्या चौकातून सीमा गेली. छायाचित्रे, गणवेश, कागदपत्रे; पाहण्यास अर्धा तास पुरतो. १९५५ च्या उदीने करारान्वये सीमावासीयांना मिळणाऱ्या परवान्याचे इटालियन नाव 'लाश्यापास्सारे', स्लोव्हेन नाव 'प्रेपुस्तनित्सा'. दोहोंच्या मुळाशी 'जाऊ देणे' हाच अर्थ आहे. आपल्या दप्तरांतील 'दस्तका'ची येथे आठवण होते.

परंतु या स्थळाचा सर्वांत जुना पुरावा कोणत्याही कपाटात नाही. तो म्हणजे गावाचे नाव. स्लोव्हेन 'गोरा' म्हणजे डोंगर (संस्कृत 'गिरि' हा त्याचा सगोत्र शब्द); त्यास लघुत्वदर्शक प्रत्यय लागून 'गोरित्सा', जशी आपली 'डोंगरी'. सम्राट तिसरा ओटो याच्या इ. स. १००१ च्या लॅटिन दानपत्रात हे नाव प्रथम आढळते, आणि ते स्लाव्हांच्या भाषेतील आहे असे तेथेच नमूद आहे. सोल्कानचा किल्ला व हे खेडे यांचा अर्धा भाग अक्विलेयाच्या धर्माध्यक्षास मिळाला, उरलेला त्याच वर्षी फ्रिउलीच्या काउंटास. गावाचा पहिला लेखी उल्लेखच वाटणीच्या कागदात यावा!

हा पुरावा सिद्ध तरी काय करतो? टेकडीस नाव देणारे लोक स्लाव्ह भाषा बोलत, एवढेच. त्या लोकांना वाटणीत काहीच मिळाले नाही. पुढे १९४८ पासून सपाट जमिनीवर नवे नगर वसविले गेले, त्याचेही नाव 'नवी टेकडी'च पडले. नावे अशी जागा सोडून चालू लागतात, हे ध्यानी ठेवावे. तरीही राज्यकर्ते त्यांना भितात: फॅसिस्ट राजवटीने १९२३ मध्ये स्थलनामे आणि १९२७ पासून आडनावे इटालियन करण्याचे हुकूम या प्रदेशात लागू केले.

आकड्यांची साक्ष तर याहून निसरडी. १८८० पासूनच्या ऑस्ट्रियन जनगणना मातृभाषा न विचारता नित्यव्यवहाराची भाषा विचारीत. इटालियन घरात चाकरी करणाऱ्या स्लोव्हेन स्त्रीची नोंद अशा वेळी सहज मालकाच्या भाषेखाली होई. आपल्याकडील सीमावादात जनगणनेवर भिस्त ठेवणाऱ्या उभय पक्षांनी प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला होता, हे आधी पाहिलेले बरे.

बाहेरच्या चौकातील कुंपण २००४ साली निघाले आहे. गोरित्सियात जाण्यास मला चार पावले लागली.