मैदानाबाहेरची नजर: टॉन प्रॉन्क

फुटबॉलचा इतिहास गोल करणाऱ्यांच्या नावांनी भरलेला असतो. त्या खेळाडूला पहिल्यांदा कोणी हेरलं, याची नोंद क्वचितच होते. आयॅक्सचा टॉन प्रॉन्क हा अशाच दुर्लक्षित माणसांपैकी एक.

१९४१ साली जन्मलेला प्रॉन्क १९६० ते १९७० या काळात अ‍ॅमस्टरडॅमच्या आयॅक्सकडून खेळला. तो बचावफळीतला शांत, कष्टाळू खेळाडू. रिनस मिखेल्स यांच्या हाताखाली संघाने १९६६ पासून सलग तीन वेळा डच लीग जिंकली. २८ मे १९६९ रोजी माद्रिदमध्ये युरोपियन कपची अंतिम लढत झाली. युरोपच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला हा पहिला डच क्लब. योहान क्रायफसोबत प्रॉन्कही मैदानात होता. मिलानने ४-१ असा धुव्वा उडवला.

पुढच्याच वर्षी प्रॉन्क नव्याने स्थापन झालेल्या उट्रेख्ट क्लबकडे गेला. १९७१, ७२ आणि ७३ असा तीनदा आयॅक्सने तो कप जिंकला, पण तेव्हा प्रॉन्क संघात नव्हता. नशिबाने एका वर्षाने हूल दिली.

नंतर तो आयॅक्समध्ये परतला, तो स्काउट म्हणून. स्काउटचं काम म्हणजे गावोगावची मैदानं पालथी घालायची, तासन् तास बघत बसायचं आणि क्लबला नाव सुचवायचं. निर्णय दुसरे घेतात, टाळ्या तिसऱ्यालाच मिळतात. १९९२ च्या फिनिश कपच्या अंतिम सामन्याला प्रॉन्क प्रेक्षकांत होता, असं सांगितलं जातं. कागद गिरणीच्या एका छोट्या गावाच्या संघातून तिथे यारी लिटमानेन खेळत होता. त्याच वर्षी तो आयॅक्समध्ये आला.

डेनिस बर्गकॅम्प इटलीला गेल्यावर लिटमानेनने दहा नंबरची जर्सी घेतली. १९९४-९५ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये गटातल्या दोन्ही सामन्यांत त्याने मिलानविरुद्ध गोल केला, तर उपांत्य फेरीत बायर्नविरुद्ध दोन. २४ मे १९९५ रोजी व्हिएन्नात अंतिम फेरीत समोर पुन्हा मिलानच. लिटमानेनच्या जागी उतरलेल्या अठरा वर्षांच्या पॅट्रिक क्लायव्हर्टने ८५ व्या मिनिटाला एकमेव गोल केला.

माद्रिदचा हिशेब सव्वीस वर्षांनी चुकता झाला. तो चुकवणाऱ्या संघात प्रॉन्कचे पाय नव्हते, नजर होती. प्रॉन्क २०१६ मध्ये वारला. विजेत्यांची यादी वाचताना त्यांना निवडून आणणाऱ्याचं नावही विचारायला हवं. इतिहास तिथूनच पूर्ण होऊ लागतो.