जुन्या इंग्रजीतल्या वाटा: एक प्रस्तावना

‘रोड’ हा शब्द रस्ता या अर्थाने इंग्रजीत रुळला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस, शेक्सपिअरच्या सुमाराला. त्याआधी कित्येक शतके तो ‘राड’ होता आणि त्याचा अर्थ होता घोड्यावरून जाणे. मराठीतली ‘स्वारी’ जशी घोड्यावरचीही असते आणि शत्रूवरचीही, तशीच ही ‘राड’ होती. तिचे स्कॉटिश रूप ‘रेड’ वॉल्टर स्कॉटच्या लेखनामुळे पुन्हा चलनात आले. आज आयकर खात्याची जी ‘रेड’ पडते ती याच घराण्यातली. ‘बेवुल्फ’ या महाकाव्यात तर समुद्रालाच देवमाशाची ‘राड’ म्हटले आहे. तिथे रस्ता कुठून असणार? तिथे आहे तो फक्त जाणारा.

या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्याने एवढी एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण पाचव्या ते अकराव्या शतकातल्या भाषेत, वाटेचे पुष्कळ शब्द जाण्यायेण्याच्या क्रियापदांतून निघालेले आहेत. ‘स्तीग’ म्हणजे पायवाट. तिच्यामागचे क्रियापद चढण्याचे. रिकिबीला इंग्रजीत ‘स्टिरप’ म्हणतात, ती मुळात ‘चढायची दोरी’. ‘लाड’ म्हणजे वाटचाल किंवा वाहून नेणे. त्याचाच पुढे ‘लोड’, म्हणजे ओझे, झाला. ‘लास्त’ म्हणजे पाऊलखूण. तो शब्द चांभाराच्या कलबुतात उरला आहे, आणि टिकणे या अर्थाच्या ‘लास्ट’ क्रियापदातही. ते मुळात मागोमाग जाण्याचे होते. शिकण्याचा ‘लर्न’ही याच मुळाचा, म्हणजे शिकणारा हा माग काढणारा. मला विचाराल तर या साऱ्या गोतावळ्यात ‘लास्त’ सर्वांत लोभस.

बांधलेल्या रस्त्यासाठी मात्र शब्द उसना घ्यावा लागला. ‘स्ट्रीट’ हा लॅटिन शब्द अँग्लो-सॅक्सन लोकांनी ब्रिटनमध्ये येण्यापूर्वीच उचलला होता. इथे आल्यावर रोमनांचे फरसबंद रस्ते त्यांना आयते मिळाले. नावे मात्र त्यांनी आपली दिली. ‘वॉटलिंग स्ट्रीट’ हे नाव सेंट ऑल्बन्सच्या परिसरात राहणाऱ्या वॅक्लिंग लोकांवरून पडले. नवव्या शतकात राजा आल्फ्रेड आणि डॅनिश सरदार गुथ्रम यांच्या तहात हाच रस्ता सरहद्दीचा भाग झाला.

डॅनिशांनीही आपला शब्द मागे ठेवला. यॉर्क शहरात स्टोनगेट, कॉपरगेट, मिकलगेट अशा गल्ल्या आहेत. प्रवासी तिथे वेस शोधतो आणि फसतो, कारण हा ‘गेट’ म्हणजे नॉर्स भाषेतला रस्ता. दरवाजा या अर्थाचा इंग्रजी ‘गेट’ निराळा. आणि शहराच्या खऱ्या वेशींना यॉर्ककर ‘बार’ म्हणतात!

अशी गफलत मराठी वाचकाचीही होऊ शकते. ‘वे’चे जुने रूप ‘वेग’ असे लिहीत. आपल्या वेगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याचे नाते ‘वह्’ धातूशी, म्हणून वाहनाशी आहे. ‘पाथ’ आणि ‘पथ’ यांचे साम्य तर डोळ्यांत भरते आणि तिथेच घोळ होतो. ग्रिमच्या नियमाप्रमाणे मूळच्या ‘प’चा जर्मॅनिक भाषांत ‘फ’ होतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. मग ‘पाथ’चा ‘प’ जसाच्या तसा कसा राहिला? काहींच्या मते हा शब्द एखाद्या इराणी भाषेतून उशिरा आला असावा. वाद मिटलेला नाही. नियमाला धरून ‘पथ’ची जी सख्खी बहीण इंग्रजीत सापडते ती म्हणजे ‘फाइंड’, सापडणे.

शब्द कोशात कळतो, त्याचा वापर दस्तऐवजांत. केंटचा राजा विट्रेड याच्या इ.स. 695च्या सुमाराच्या कायद्यात एक कलम आहे: परगावचा किंवा परदेशी माणूस वाट सोडून चालला आणि त्याने हाकही दिली नाही, शिंगही फुंकले नाही, तर त्याला चोर समजावे, मग त्याला मारावे किंवा दंड घेऊन सोडावे. हे वाचल्यावर ‘वेग’ हा नुसता मातीचा पट्टा राहत नाही. वाटेवर असणे हाच चांगल्या चालीचा पुरावा होता.

जमिनीच्या दानपत्रांचेही तसेच. मजकूर लॅटिनमध्ये, पण शिवेचे वर्णन बहुधा लोकांच्या बोलीत: अमक्या ओढ्यापासून ‘हेरेपाथ’पर्यंत, म्हणजे सैन्याच्या वाटेपर्यंत, तिथून खोलगट वाटेने पुढे. विद्वानांच्या काव्यचर्चेपेक्षा या रुक्ष चतुःसीमा मला अधिक बोलक्या वाटतात. नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

साहित्य आटोक्यातले आहे. जुन्या इंग्रजीचा उपलब्ध मजकूर सारा मिळून सुमारे तीस लाख शब्दांचा. बॉसवर्थ आणि टोलर यांचा जुना कोश प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाने संगणकावर खुला केला आहे. जेन रॉबर्ट्स आणि ख्रिश्चन के यांचा 1995चा कोश अकारविल्हे नसून अर्थवार लावलेला आहे. त्यात प्रवासाचे पान उघडावे आणि एकेका शब्दामागचे क्रियापद शोधत जावे.