टेलर, फिलिप मेडोज

(२५ सप्टेंबर १८०८ – १३ मे १८७६). व्हिक्टोरियाकालीन इंग्रज कादंबरीकार, इतिहासकार व प्रशासक. जन्म लिव्हरपूल येथे. किशोरवयात मुंबईस आले व पुढे निजामाच्या सैन्यात रुजू झाले. कन्फेशन्स ऑफ अ ठग (१८३९) या कादंबरीने त्यांना कीर्ती मिळाली. सुरपूर (शोरापूर) संस्थानाचा कारभार पाहिल्यावर १८५३ मध्ये ते नळदुर्ग जिल्ह्याचे उपायुक्त झाले. याच मुलखातील वास्तव्यातून तारा (१८६३) कादंबरीला पार्श्वभूमी लाभली. तिची नायिका तुळजापूरच्या पुजाऱ्याची बालविधवा मुलगी असून, अफजलखानाची स्वारी व प्रतापगडची भेट हे प्रसंग कथानकात येतात. राल्फ डार्नेल (१८६५) व सीता (१८७२) या त्यांच्या पुढील कादंबऱ्या. सुरपूर परिसरातील महापाषाणयुगीन दफनांचे त्यांनी उत्खनन केले. हिंदुस्थानचा इतिहासही लिहिला. फ्रान्समधील माँताँ येथे ते निधन पावले. कन्येने संपादिलेले त्यांचे आत्मचरित्र १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरपूरच्या टेकडीवरील त्यांचा बंगला ‘टेलर मंझिल’ नावाने ओळखला जातो. मराठी मुलखातील लोकजीवन आपुलकीने रंगविणाऱ्या आरंभीच्या इंग्रजी कादंबरीकारांत त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.