बहात्तर तास आणि एक चांगला रिपोर्ट

तास ०. समजा, बऱ्हाणपुरात दवाखान्याचा कचरा उचलताना सफाईवाल्या बाईंच्या बोटात वापरलेली सुई घुसली. औषध घेतलं नाही, तर एचआयव्हीबाधित रक्ताच्या अशा हजार टोचण्यांत साधारण तिघांना लागण होते. या बाई त्या तिघांतल्या, असं धरू. बोट पिळायचं नाही, चोखायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं.

तास २. प्रतिबंधक गोळी सुरू व्हायला हवी ती शक्यतो एवढ्यातच. पुढे २८ दिवस रोज घ्यायची. बाई मात्र घरी जातात. बोट दुखतसुद्धा नाही.

तास २४. विषाणू काखेतल्या लसिकाग्रंथींच्या वाटेवर. प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशींची तिथे दाटी असते, आणि त्याला हव्या असतात त्याच.

तास ४८. लूमवरून रात्रपाळी करून आलेला नवरा म्हणतो, "एकदा रक्त तपासून टाक." सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, होते. पांढऱ्या पेशी ठीक, प्लेटलेट ठीक, एकही आकडा ठळक छापलेला नाही. घात होतो तो इथे. या तपासणीला विषाणू दिसतच नाही. एचआयव्हीची चाचणी केली असती, तरी आज ती निगेटिव्हच आली असती. गोळी रिपोर्टसाठी थांबवायची नसते, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

तास ७२. मुदत संपली. यानंतर प्रतिबंधक गोळी सुरू करत नाहीत.

तास २४०च्या पुढे विषाणू रक्तात सापडू लागतो, पण फक्त महागड्या आरएनए तपासणीत.

तास ४००. ताप, घसादुखी, अंगावर पुरळ. आता सीबीसी बदलते: लिम्फोसाइट घटलेले, प्लेटलेट दीड लाखाच्या खाली. पावसाळा असेल तर सगळे म्हणणार, डेंग्यू. "पेशी कमी झाल्यात" म्हणत घरात पपईच्या पानांचा रस निघतो. डेंग्यू निगेटिव्ह आला, की डॉक्टरांनी गेल्या महिन्याची चौकशी करायलाच हवी. सुईचा एक प्रश्न पुरेसा आहे.

तास ५००. एका मिलिलिटर रक्तात विषाणूंच्या लाखो प्रती. सीडी-४ घसरतात, सीडी-८ या दुसऱ्या प्रतिकारपेशी वाढतात, दोघांचं प्रमाण उलटं होतं. आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-४ तर झपाट्याने मरतात, आणि ती हानी तपासणीसाठी काढलेल्या रक्तात पुरती दिसत नाही.

तास ६७२. ताप उतरला, प्लेटलेट चढल्या, घर निर्धास्त झालं. चाचणी आता किंवा पुढच्या काही आठवड्यांत पॉझिटिव्ह येईल. २०१७पासून भारतात सीडी-४चा आकडा कितीही असला तरी औषध लगेच सुरू करतात, आणि तेही मोफत. फक्त ते आता जन्मभर घ्यावं लागेल.