अस्सल बरहुकूम नक्कल : एका जुन्या मोटारीच्या नऊ तारा

आपल्याकडे मोटारींचा जो इतिहास सांगितला जातो, तो बहुधा मोटारींच्या मालकांचा इतिहास असतो. इंदूरच्या जुन्या घरांत आजही महाराजा यशवंतराव होळकरांच्या ड्युसेनबर्गचा विषय निघाला, की भगव्या-काळ्या रंगाचे आणि त्या लांबलचक बॉनेटचे वर्णन रंगते. त्या बॉनेटखाली काय होते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आम्हीही कधी विचारले नव्हते. आमचे आयुष्य मोडी कागदांचे रुमाल सोडण्यात आणि पुन्हा बांधण्यात गेले. यंत्रांशी आमचा संबंध शिलाईयंत्राच्या पलीकडे फारसा आला नाही. तरीही प्रस्तुत लेखाचा विषय एका मोटारीच्या नऊ तारा हा आहे. त्यांनी आम्हांला आमच्याच व्यवसायातला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर आम्हांला चटकन देता आले नाही.

प्रसंग २०१९ च्या सप्टेंबरातला. आमचा पुतण्या अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. त्याच्याकडे १९६६ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट आहे. ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार असून तिला ३२७ घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेपाच लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन आहे. गाडी चढावर मिसिंग मारू लागली होती. एकदा रात्री गॅरेजातला दिवा मालवून त्याने इंजिन चालू केले आणि एका फटीत निळसर ठिणगी लुकलुकताना आम्हांला दाखविली. प्लगपर्यंत पोचावयाची वीज वाटेतच गळत होती. "काका, तारा बदलायच्या. उद्या बॅटरी धरून उभे राहाल का?" असे त्याने विचारले. आम्ही होकार दिला.

या तारेचे काम सांगावयास सोपे आहे. बॅटरी १२ व्होल्टची. सिलिंडरातील पेट्रोलची वाफ व हवा यांचे दाबलेले मिश्रण पेटविण्यास ठिणगी हवी आणि त्या दाबाखाली ठिणगी उडण्यास हजारो व्होल्टचा, प्रसंगी वीस हजारांच्या घरातील, दाब लागतो. तो कॉइलमध्ये तयार होतो, एका आखूड तारेने डिस्ट्रिब्युटरकडे येतो आणि तेथून आठ तारांनी आठ प्लगांकडे पाळीपाळीने जातो. आठ आणि एक मिळून नऊ. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर त्या आखूड तारेतून दर सेकंदाला दोनशे ठिणग्यांची वीज जाते.

ठिणगीने इंजिन पेटविण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. फ्रान्समध्ये लेन्वारने १८६० मध्ये आपल्या गॅसच्या इंजिनात विजेची ठिणगी वापरली होती. मोटारींना विश्वासू ठिणगी मिळाली ती १९०२ मध्ये, जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला तेव्हा. पुढे ओहायोतील डेटन गावी चार्ल्स केटरिंगने बॅटरी आणि कॉइल यांची व्यवस्था बसविली आणि १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत ती आली. पुतण्याच्या गाडीतील व्यवस्था याच केटरिंगच्या वंशातली. डेटन त्याच राज्यात असल्याने गाडी एका अर्थाने माहेरीच होती, असे आम्ही म्हणालो. त्याला ते फारसे पटले नाही.

पण या वंशाला एक भाऊबंदकी आहे आणि तारांचा खरा इतिहास तिच्यातच सापडतो. हाइनरिश हर्ट्झने १८८६ ते १८८८ या काळात कार्ल्सरूह येथे विद्युत्-चुंबकीय लहरी सिद्ध केल्या, त्या इंडक्शन कॉइल आणि ठिणगी यांच्याच साहाय्याने. मार्कोनीचे पहिले संदेश ठिणगीनेच गेले. कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी भिंतींपलीकडची घंटा वाजविली, तीही ठिणगीच्याच लहरींनी. १९१२ मध्ये टायटॅनिकची हाक समुद्रावर पसरली, ती ठिणगीच्या यंत्रातून. म्हणजे मोटारीचे प्रज्वलन आणि रेडिओ ही एकाच ठिणगीची दोन लेकरे होत. ती वेगळी वाढली तोवर ठीक होते. १९३० मध्ये शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंनी 'मोटोरोला' या नावाने मोटारीतला रेडिओ बाजारात आणला आणि दोन्ही लेकरे एका घरात नांदू लागली. मग कळले, की प्लगाची प्रत्येक तार ही एक छोटी प्रक्षेपक काठीच आहे. इंजिन चालू झाले, की गाण्यावर खरखर चढे. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक प्लगाला विजेचा झटका सौम्य करणारा एकेक रोधक बसवीत. विमानांत तर संदेश ऐकू येणे हा जीवनमरणाचा प्रश्न; तेथे तारांवर धातूचे वेष्टण चढविले गेले.

साध्या मोटारीत या भांडणाला आणखी एक आडोसा असे, तो तिच्या लोखंडी बॉनेटचा. धातूच्या पेटीतून लहरी सहज बाहेर पडत नाहीत. कॉर्व्हेटला तो आडोसाच नव्हता. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात ही गाडी प्रथम लोकांपुढे आली. त्या वर्षी मिशिगनमधील फ्लिंट येथे तिच्या अवघ्या ३०० प्रती निघाल्या. साऱ्या पांढऱ्या, आणि साऱ्यांचे अंग फायबरग्लासचे. फायबरग्लास गंजत नाही आणि वजनाला हलका; पण रेडिओलहरींना तो काचेच्या खिडकीसारखा मोकळा. या मोकळेपणाचा निर्मात्यांनी फायदाही घेतला. पहिल्या गाड्यांची एरियल बाहेर उभी नव्हतीच. सामानाच्या कप्प्याच्या झाकणात, फायबरग्लासच्या पोटात, तारेची जाळी पुरलेली होती. मात्र ज्या वाटेने गाणे आत येते, त्याच वाटेने इंजिनाची खरखरही येते. म्हणून त्यांनी डिस्ट्रिब्युटर आणि तारा यांवर धातूचे कवच चढविले. पुढे १९५५ पासून आठ सिलिंडरांचे इंजिन आले, तरी कवच राहिले. डिस्ट्रिब्युटरवर क्रोमची चकचकीत पेटी, मागून खाली उतरणाऱ्या तारांवर उभ्या नळकांड्या आणि प्लगांपाशी वाकड्या पट्ट्या असे त्याचे स्वरूप.

यातली एक गोष्ट इतिहासाच्या वाचकाला आवडावी अशी आहे. ज्या गिऱ्हाइकाने रेडिओ घेतला नाही, त्याच्या गाडीला हे कवच बसवीतच नसत. म्हणजे साठ वर्षांनी बॉनेट उघडून कवच मूळचे आहे असे ठरले, तर पहिल्या धन्याला गाणी ऐकावयाची होती हे कळते. कागदावर कोठे नोंद नसेल, तरी पत्र्यावर ती आहे. दुर्दैवाने हा पुरावा फार गहाळ झाला. तारा बदलावयाच्या, तर आधी कवच काढावे लागे. ते काढणे कटकटीचे आणि परत बसविणे त्याहून कटकटीचे. पुष्कळ मेकॅनिकांनी पहिल्याच ट्यून-अपला ते काढून कोपऱ्यात टाकले. पुतण्याच्या गाडीला ते सुदैवाने शाबूत होते.

आता तारेविषयी. ओहायोतील वॉरन गावी जेम्स वॉर्ड आणि विल्यम डाउड या पॅकार्ड बंधूंनी १८९० मध्ये विजेच्या सामानाचा कारखाना काढला. मोटारी त्यांनी नंतर, १८९९ मध्ये केल्या. मोटारींचा कारखाना १९०३ मध्ये डेट्रॉइटला गेला. तारांचा कारखाना वॉरनलाच राहिला आणि १९३२ मध्ये जनरल मोटर्सने तो घेतला. शेव्हरोलेच्या प्लगांच्या तारा या कारखान्याच्या. त्यांच्या गाभ्यात तांब्याऐवजी कार्बन मुरविलेले तंतू घातलेले असत. त्यामुळे फुटामागे काही हजार ओहमचा रोध तारेच्या अंगातच येई आणि खरखर उगमापाशीच मरे. अशा तारेवर तिचे नाव छापीत, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांचा अडथळा शमविणारी असल्याची आद्याक्षरे छापीत आणि शेवटी तिमाही व साल छापीत. '१-क्यू-६६' याचा अर्थ १९६६ ची पहिली तिमाही. त्रैमासिकाच्या वाचकांना ही कालगणना परकी वाटू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना काम सुरू झाले. आम्ही बॅटरीचा झोत धरला. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर मागच्या टोकाला, आसनांपुढच्या भिंतीला जवळजवळ टेकलेला. तारा तेथून इंजिनाच्या पाठीमागून खाली उतरतात आणि धुराच्या नळ्यांखालून पुढे येत एकेका प्लगाला भेटतात. साहजिकच अर्धे काम वरून वाकून आणि अर्धे गाडीखाली उताणे पडून. कवचाचे स्क्रू सोडण्यातच दीड तास गेला. पुतण्याचा नियम असा, की एक तार काढावयाची, तिच्या लांबीची नवी निवडून लगेच जागी बसवावयाची आणि मगच दुसरीला हात लावावयाचा. आठही एकदम उपटल्या, तर कोणती कोठली हे कळणार नाही. आम्हांला हे फार ओळखीचे वाटले. रुमालातील कागद सुटे करताना आमचे गुरुजी हेच सांगत. तार ओढताना तारेला धरू नये. टोकाची रबरी टोपी धरावी, थोडी पिळावी, मग खेचावी. तारेला हिसका बसला, तर आतला कार्बनचा गाभा तुटतो. वरून तार धडधाकट दिसते, पण वीज जात नाही.

एक जागा त्याने विशेष लक्ष देऊन दाखविली. या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. पाच आणि सात हे सिलिंडर एकाच रांगेत शेजारी आहेत आणि पाचामागोमाग लगेच सात पेटतो. या दोघांच्या तारा अंगाला अंग लावून समांतर नेल्या, तर पाचाच्या तारेतील झटका साताच्या तारेत उमटू शकतो आणि सात नंबर वेळेआधी पेटून इंजिनाला आतून ठोके बसतात. म्हणून त्या दोन तारा अंतर राखून न्यावयाच्या. जुन्या तारा कोणीतरी एकत्र बांधून ठेवल्या होत्या. बांधणाऱ्याने नीटनेटकेपणाच केला होता, बिचाऱ्याने.

काढलेल्या तारांपैकी आठ केव्हातरी मधल्या काळात बदललेल्या निघाल्या. रबर कडक झालेले, दोन ठिकाणी भेगा, आणि भेगेसमोर कवचाच्या पत्र्यावर काळा डाग. ठिणगी तेथे उडत होती. नववी, कॉइलकडची आखूड तार मात्र वेगळी होती. क्रोमच्या पेटीखाली ती झाकलेली राहिली होती आणि पूर्वीच्या मेकॅनिकाने आळसाने म्हणा, तिला हात लावला नव्हता. फडक्याने पुसली तेव्हा अक्षरे दिसली : पॅकार्ड, आणि शेवटी १-क्यू-६६. गाडी त्या वसंतात बनलेली. म्हणजे ही तिच्याबरोबर जन्मलेली. रोध मोजला, तोही ठीक भरला.

आम्ही आनंदलो. मग पुतण्याने नवा संच पुढे केला. त्याच्याही नऊ तारांवर तेच शब्द, तीच आद्याक्षरे आणि तीच तिमाही छापलेली होती. चालू शतकात बनलेल्या तारेवर १९६६ ची तारीख! तो म्हणाला, की असे संच उघडपणे विकले जातात. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या कॉर्व्हेट पुनरुज्जीवकांच्या राष्ट्रीय संस्थेच्या परीक्षणात गाडी कारखान्यातून निघाली त्या रूपाशी ताडून पाहतात. त्यामुळे तारेवरची तारीखही जुळलेली बरी.

आम्हांला ते बोचले, हे कबूल करतो. आमच्या दप्तरांत नक्कल करण्याची मोठी परंपरा आहे. अस्सल सनद एकाच्या घरी राही आणि तिच्या नकला चौघांकडे जात. पण प्रामाणिक कारकून माथ्यावर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असे लिही. तेवढ्या तीन शब्दांनी कागद खोटा होत नसे. ते गाळून जुनी मिती घातली आणि शिक्काही उमटविला, की ती बनावट. वतनांच्या तंट्यांत असे कागद आम्ही किती पाहिले आहेत! आम्ही पुतण्याला हे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "काका, कागद वाचायला असतो. ही गाडी मला चालवायची आहे. आणि बनवणाऱ्याने कोणाला फसवलं नाही, पाकिटावर नवीच म्हटलंय."

पाकिटावर तसे होते खरे. पण पाकीट केराच्या टोपलीत जाते आणि तार गाडीत राहते. तीस वर्षांनी बॉनेट उघडणाऱ्याला पाकीट कोठून मिळणार? यावर तो काही वेळ गप्प राहिला.

आखूड तार ठेवावी, असे आम्ही सुचविले. ती अस्सल होती आणि चालतही होती. त्याने नकार दिला आणि आमच्या मते तो बरोबर होता. आठही सिलिंडरांची वीज त्या एका तारेतून जाते. ती वाटेत गेली तर गाडी जागीच बंद. पत्नीला बाजूला बसवून तो दोनशे मैल जाणार होता. अस्सल कागदही आपण रोज हाताळावयास देत नाही. वापरावयास नक्कल देतो आणि अस्सल बांधून ठेवतो.

संध्याकाळी कवच परत चढले. इंजिन सुरू झाले, ठोका नाही, मिसिंग नाही. पुतण्याने रेडिओ लावला. स्टेशन नीट लागले नाही, पण जी खरखर होती ती आकाशातली होती, इंजिनातली नव्हती.

रात्री आम्ही त्याच्याकडून एक जुने सुती फडके मागून घेतले. काढलेली आखूड तार त्यात गुंडाळली, आमच्या पद्धतीने रुमाल बांधला आणि आत चिठ्ठी घातली : कोणत्या गाडीची, कोठून काढली, कोणत्या दिवशी, कोणी. पुतण्याने ती वाचली. मग तो गॅरेजात गेला आणि बराच वेळ आला नाही. आम्ही जाऊन पाहिले, तर क्रोमची पेटी पुन्हा उघडलेली होती. नव्या आखूड तारेच्या टोपीजवळ, वरून दिसणार नाही अशा जागी, त्याने पातळ पट्टीचा तुकडा गुंडाळला होता आणि त्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते : नक्कल, सप्टेंबर २०१९.